शिराळ्याच्या एक्सपीवाल्यांचा मेळावा

हसायचं ते शेवटी हसा, आधी चहा घ्या. मी आता जे सांगणार आहे ते माझ्या नवऱ्यानं झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय, आणि दर वेळी पदरचं थोडं घालून. म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावं. निदान मूळ प्रत तरी शिल्लक राहील!

मी सांगलीत राहते. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणं हा माझा पोटाचा धंदा, आणि 'वेलांटी' हा जिवाचा. वेलांटी म्हणजे मराठी शुद्धलेखन तपासणारा आमचा छोटासा प्रोग्रॅम. तुम्ही 'पाणि' लिहिलंत की ती खाली लाल रेघ ओढते आणि हळूच 'पाणी' सुचवते. फुकट आहे. ओपन सोर्स आहे, म्हणजे आतलं सगळं उघडं. कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं. कुणीही म्हणायचं आपलं. दुरुस्त करणारे आम्ही दोघंच, मी आणि वसईचा एडविन. वेलांटीमुळेच ओळख झाली. कित्येक वर्षं फोनवर बोलत होतो, पण तोवर एकमेकांना समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं.

तर आमची नवी आवृत्ती अगदी तयार होती. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. जुन्या विंडोजपैकी कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्यांना रामराम ठोकायचा?

दहा आणि अकराबद्दल वादच नव्हता. सातबद्दल थोडी कुरकुर झाली, पण लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या दुकानांत सात अजून आहे, म्हणून ती ठेवली. राहिली एक्सपी. आता एक्सपी म्हणजे कधीची! जिनं बनवली ती कंपनीसुद्धा केव्हाच हात झटकून मोकळी झाली.

एडविनचं म्हणणं सरळ होतं. "शैला, एक्सपीपायी आपण प्रत्येक काम दोनदा करतो. एकदा जगासाठी, एकदा एक्सपीसाठी. नवीन काही लावलं की ती आजारी पडते. काढून टाकू या."

मी जवळजवळ हो म्हणणारच होते. म्हटलं असतं तर हा किस्सा झालाच नसता! पण त्याआधी मी मोजणी उघडून बघितली.

मोजणी म्हणजे काय, तर वेलांटी नव्या मशीनवर पहिल्यांदा सुरू झाली की आधी परवानगी विचारते, आणि तुम्ही हो म्हणालात की आम्हाला एवढाच निरोप धाडते: मी अमुक विंडोजवर, साधारण अमुक भागात आले. नाव नाही, पत्ता नाही. त्यावरून आमच्याकडे एक नकाशा तयार होतो. वापरणारे जितके जास्त, तितका ठिपका मोठा, आणि शेजारी त्यांचा आकडा.

मी एक्सपीचा नकाशा उघडला. मुंबई कोरी. पुणं कोरं. नागपूर कोरं. आणि खाली सांगली जिल्ह्यात, बरोबर शिराळ्याच्या डोक्यावर, एक लालभडक ठिपका! केवढा म्हणाल? चांदोली धरण त्याखाली बुडालं होतं! शेकड्यांनी एक्सपीवाले, आणि रोज नवे येतायत!

आणि शिराळा म्हणजे माझं माहेर हो! माझा ऊर असा काही भरून आला, की डोक्याकडे जाणारा रस्ताच बंद झाला.

"एडविन," मी म्हटलं, "तुम्हा शहरातल्या माणसांना काय कळणार? इथं शाळांमधून, दूध सोसायट्यांमधून जुनी मशिनं आहेत. ही माणसं तक्रार करत नाहीत, पण वेलांटी वापरतात. त्यांच्या तोंडावर दार लावायचं?"

"एक तर माझ्या घरामागे केळीची बाग आहे, मी शहरातला नाही," एडविन म्हणाला. "आणि इतके लोक वापरतात, तर आजवर एकानंही चूक कशी कळवली नाही? एक्सपीवर वेलांटी सारखी बंद पडते. मला माहीत आहे, तो भाग मीच लिहिलाय."

"सोशिक आहेत."

"शेकडो माणसं? सगळी सोशिक?"

"अरे, हे नागपंचमीचं गाव! जी माणसं नागाला भीत नाहीत ती तुझ्या चुकांना भिणार आहेत?"

हा माझा मुद्दा, बघा! आणि तेव्हा मला तो बिनतोड वाटला होता.

वाद लांबत गेला, आवृत्ती लटकून राहिली. शेवटी एके दिवशी एडविन म्हणाला, "एक्सपी ठेवायची तर ठेव. मी बाजूला होतो. भांडण नाही, शैला. दमलोय."

हे तो अगदी शांतपणे म्हणाला. ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि विषय मिटला असता. पण शांत माणसापुढे काय करणार? मला जेवण गोड लागेना. वेलांटी एकटीनं ओढायची ताकद माझ्यात नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. आणि खरं सांगायचं तर वेलांटीपेक्षा तो जाणार याचंच जास्त वाईट वाटत होतं.

मग मीच तोडगा काढला. "तू शिराळ्याला ये. मी सगळे एक्सपीवाले गोळा करते. त्यांच्याकडे बघून सांग, की आम्ही तुम्हाला सोडतोय. सांगता आलं, तर एक्सपी काढली."

"येतो," एडविन म्हणाला. एवढंच.

मी शिराळ्याला आप्पांना फोन लावला. आप्पा म्हणजे माझे वडील, फौजेतले निवृत्त सुभेदार.

"आप्पा, शिराळ्यात जुने कॉम्प्युटर वापरणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांचा मेळावा घ्यायचाय."

"किती मानसं?"

"शेकडो!"

"शिराळ्यात?" आप्पांनी विचारलं. "आमच्याकडं बी जुनाच हाय की."

"तेच तर म्हणते आप्पा! तुमच्यासारखे शेकडो आहेत!"

बघा, उत्तर त्यांनी फोनवर माझ्या हातात ठेवलं होतं. मी ते तसंच खाली ठेवलं आणि पुढं बोलत राहिले!

"बरं," आप्पा म्हणाले. "हुकूम झाला न्हवं? मग झालं काम."

आप्पांना काम सांगणं म्हणजे पलटणीला सांगणं. समाजमंदिर ठरलं. सतरंज्या आल्या, माईक आला, चहाचं पातेलं चढलं. आमंत्रण त्यांनी माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'जुने कॉम्प्युटरवाल्यांचा मेळावा. जुने चालू ठेवायचे की बंद करायचे, याचा निर्णय इंजिनिअर स्वतः देणार.' ठीकच होतं. पण ग्रुपवरचा मजकूर पुढं जाताना कुठं तसाच जातो का?

मेळाव्याच्या दिवशी एडविन आला. उंच, लाजरा, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. मी त्याला गल्लीच्या तोंडापाशी घेतलं आणि आम्ही वळलो. समाजमंदिरापुढं ही रांग!

"बघ!" मी म्हटलं. "बघ, एडविन!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं नाही सांगत.

एडविन बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "शैला, त्यांच्या हातात काय आहे?"

रांगेत पहिले होते तुकानाना, आप्पांच्या बरोबरीचे. त्यांनी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरलं होतं.

"शैलाताई, आलीस व्हय! धर. कवाचा घिऊन हुबा हाय."

मी गोधडी बाजूला केली. "नाना, हा टीव्ही आहे."

"व्हय. पर जुनाच हाय."

"अहो, पण टीव्हीचं मी काय करू?"

"आता ते तू बघ. जुनं आणा, नवं न्या, आसंच आलंय न्हवं मोबाईलवर?"

त्यांच्या मागं एक काकू मिक्सर घेऊन उभ्या होत्या. "भांडी धड हायती, ताई. नुसती मोटर जळलीया. ह्याच्या बदली थोरला कॉम्प्युटर नगं मला, ल्हान दिला तरी चालंल."

त्यांच्या मागं प्रिंटर. त्यामागं इस्त्री. एक गृहस्थ तर कूलर ढकलत आले होते!

एडविननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो हसत होता की रडत होता, ते मी विचारलं नाही.

पण मीही आप्पांचीच मुलगी. माघार माहीत नाही! सगळ्यांना आत बसवलं, माईक हातात घेतला, बदली काही मिळणार नाही हे आधी सांगितलं. तरी माणसं उठली नाहीत, कारण चहा यायचा होता. मग मुद्द्यावर आले.

"तुमच्यापैकी एक्सपी कोण कोण वापरतं? हात वर करा. लाजू नका!"

मागच्या बाजूनं एक माणूस ताडकन उठला. त्याचं औषधांचं दुकान होतं. "आवं ताई, कुनी सांगितलं तुमाला? एक्सपायरी माल मी ठेवतच न्हाई! या, आत्ता या दुकानात आन् तपासा!"

त्याला शांत करण्यात बराच वेळ गेला.

"बरं," मी म्हटलं, आणि माझा आवाज आता जरा पातळ झाला होता, "वेलांटी कोण वापरतं?"

हात एकही नाही. मग एक मास्तर दयेनं बोलले, "मी मोबाईलपुढं बोलतो, तोच लिहितो. वेलांट्या त्याच्या तो बघतो."

चहा आला. चहा संपला. टीव्ही, मिक्सर, इस्त्री, कूलर आपापल्या घरी गेले. तुकानाना जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे पोरी, व्हतं आसं." कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नव्हतं.

एडविननं फक्त आपली पिशवी पाठीवर चढवली. 'बघितलंस?' असं तरी म्हणावं की नाही माणसानं! आम्ही आप्पांच्या घरी जेवायला आलो. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, पानं मांडली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर आप्पांचा तो जुना कॉम्प्युटर. एडविननं जरा बाजूला लॅपटॉप उघडला आणि तो नकाशा लावून नुसता बघत बसला.

आप्पांना वाटलं, पाहुणा कंटाळलाय. "थांबा, तुमाला आमच्या पलटनीचं फोटो दावतो," म्हणत त्यांनी कॉम्प्युटर चालू केला.

"शैला," एडविन म्हणाला, "एक वाढला."

"काय वाढला?"

"एक्सपीवाला. शिराळ्यात. आत्ता."

मला उभारी आली. "बघ! म्हणजे आहेत! मेळाव्याला आले नसतील, पण आहेत!"

तेवढ्यात आप्पांना पाहुण्याच्या पानात लोणचं नाही हे दिसलं. ते उठले, आणि उठता उठता त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. फौजेतली सवय. जागा सोडली की दिवा, पंखा, सगळं बंद. लोणचं वाढून आले, बसले, पुन्हा चालू केला.

"आणखी एक," एडविन म्हणाला. या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता. तो आप्पांकडे बघत होता.

"आप्पा," तो फार अदबीनं म्हणाला, "जरा एकदा बंद करून परत चालू करता का?"

आप्पांनी केलं. ठिपका वाढला.

आणि मग मला आठवलं! आप्पा दिसेल ते बटण दाबतात, मशीन बिघडवून ठेवतात, म्हणून मीच मागं एकदा त्यात एक युक्ती करून दिली होती: मशीन बंद केलं, की आत झालेलं सगळं विसरायचं आणि चालू झालं की पुन्हा मी लावून दिलं होतं तसं उभं राहायचं. आणि लेकीचं काम बापाला रोज दिसावं म्हणून वेलांटी चालू होताना आपोआप उघडेल अशी सोयही मीच केली होती. म्हणजे दर वेळी वेलांटीला वाटायचं, आपण या घरात पहिल्यांदाच आलोय! चहाला उठले, एक वाढला. दारात कुणी हाक मारली, एक वाढला. वीज गेली आणि आली, एक वाढला. महिनोन् महिने!

शेकडो सोशिक एक्सपीवाले माझ्यासमोर, बनियन घालून, खुर्चीत बसले होते.

एडविन मात्र भला माणूस. हसू गिळत तो म्हणाला, "एकच असला तरी वापरणारा आहे ना. आप्पा, तुम्हाला वेलांटी लागते का? लागत असेल, तर आपण एक्सपी ठेवू. माझी हरकत नाही."

मी मोठ्या आशेनं आप्पांकडे बघितलं. आप्पा माझ्याकडे बघून चुळबुळ करायला लागले.

"आता पोरीम्होरं कसं सांगायचं," ते म्हणाले. "पाव्हनं, मला पत्त्याचा डाव खेळायचा आसतो. त्येच्या आदी ही बया हुबी. इचारती, निरोप धाडू का? 'व्हय' दाबल्याबिगार हलत न्हाई. म्हनून दाबतो. मग तिला काढून टाकतो. परत चालू केलं, की ही हाय तितंच! कितींदा काढली म्हनून सांगू? म्हटलं, पोरीनं बापावर नजर ठिवाया घातली आसंल, आपुन बोलू नये."

"मग एक्सपीवरून वेलांटी काढू, आप्पा?" एडविननं विचारलं. "कायमची?"

"काढा की!" आप्पांनी हातच जोडले. "कवाधरनं वाट बघतोय!"

झालं! महाराष्ट्रातल्या तमाम एक्सपीवाल्यांचा मेळावा तिथं, आमच्या सोप्यात, भरला, आणि वेलांटी नको हा ठराव एकमतानं पास झाला. माईकसुद्धा लागला नाही.