बाईंच्या टेपा आणि लाल बटणाचं यंत्र

पोहण्याच्या तलावावर बाईंचा दरारा असा होता, की त्यांची शिट्टी वाजली की पाण्यातली मुलंच काय, काठावर गप्पा छाटत बसलेले आईबापही पाठ ताठ करून बसायचे. मुलं त्यांना पाठीमागे ‘मगरबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पाण्याला बिचकणाऱ्या मुलाला त्या फक्त एवढंच सांगत, “आधी उडी मार. विचार वर आल्यावर कर.”

एकदा क्लबने व्हिडिओ कॅमेरा घेतला. खांद्यावर ठेवायचा, भलाथोरला. दुसऱ्या कोणाला तो पेलवेना, म्हणून बाईंकडे आला. बाई प्रत्येक मुलाची उंच फळीवरची पहिली उडी टिपू लागल्या. मग त्या मुलाला घरी बोलवायचं, टीव्हीसमोर बसवायचं आणि टेप मागे-पुढे करत त्याची पार चामडी लोळवायची. “बघ, गुडघे बघ. बेडूक बरा!” मूल लाजायचं, पण पुढच्या वेळी गुडघे सरळ ठेवायचं.

निवृत्तीनंतर त्या टेपा कपाटात, जाड पांघरुणांच्या मागे जाऊन बसल्या. घरचा व्हीसीआर कधीच मोडीत गेला होता. टेपांची कोणाला आठवणही नव्हती, आणि एके दिवशी बाईंना फोन आला. बेडकाची उपमा मिळालेली एक मुलगी आता त्याच तलावावर शिकवत होती. जुन्या विद्यार्थ्यांना एकत्र बोलवायचं तिच्या मनात होतं.

“बाई, माझी पहिली उडी आहे ना हो तुमच्याकडे? मोठ्या पडद्यावर दाखवू या.”

“आहे. भयंकर आहे,” बाई म्हणाल्या. “पाठवते.”

पाठवते म्हणाल्या खऱ्या, पण पाठवायची कशी? टेप फोनमध्ये थोडीच शिरणार? आधी ती संगणकावर उतरवायला हवी, आणि त्यासाठी काहीतरी यंत्र घ्यायला हवं. हे काम बाईंनी नवऱ्यावर सोपवलं, आणि तिथेच घोडं अडलं.

बाईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर काचा चढवून “ही बरी का ही?” असं विचारण्यात त्यांचा जन्म गेला. विचारायची इतकी सवय, की स्वतः ठरवायची वेळ आली की त्यांचं गाडं रुतायचंच. सदरा घेतानासुद्धा दुकानदाराला घाम फुटायचा. आता ते सकाळपासून संगणकासमोर बसून लोकांची मतं वाचत.

“अगं, एक काडीसारखं मिळतं. एका बाजूला व्हीसीआरच्या वायरी, दुसरी बाजू संगणकात. पण एक गृहस्थ लिहितात, आवाजच येत नाही.”

“मग दुसरं घ्या.”

“दुसऱ्याबद्दल एक बाई लिहितात, रंग येत नाहीत.”

“अहो, तिसरं घ्या!”

“तिसरं एक डबा आहे, संगणकाशिवाय चालतं. पण त्यात आपल्याला काही कमी-जास्त करता येत नाही.”

“करायचंय काय कमी-जास्त? मुलगी फळीवरून खाली पडते. एवढंच तर आहे.”

चालू व्हीसीआर नणंदेकडे सापडला. ती कधी काही टाकत नसे. नणंदबाईंनी तो शिवलेल्या खोळीतून काढून दिला आणि बजावलं, “वहिनी, चालू आहे तसाच परत हवा हं. दादाला म्हणावं, उघडून बसू नकोस.”

दादा अर्थातच उघडून बसले. पहिली टेप लावली तर पडद्यावर नुसती मुंग्यांची वारुळं. त्यांनी झाकण काढलं, मऊ कापडाला स्पिरिट लावलं आणि आतला चकचकीत गोल भाग हलक्या हाताने पुसला. जन्मभर काचा पुसलेला हात तो. झाकण बसवून टेप लावली, तर टीव्हीवर निळंशार पाणी! बाईंनी चक्क टाळी वाजवली.

यजमानांनी शेवटी काडी मागवली होती. ती संगणकाला ओळखूच येईना. दोन दिवस खटपट झाली, तेव्हा चित्र आलं, पण काळंपांढरं. मग कुठलंसं सेटिंग बदलल्यावर रंग आले. आवाजही आला, पण स्वतःच्या सवडीने. पडद्यावर कुणी एक मुलगी पाण्यात पडायची, वर यायची, काठ धरायची, केस मागे सारायची, आणि मग आवाज यायचा, धप्प!

बाई हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात होत्या. यजमान मात्र गंभीर. “थोडं बसवलं तर जमेल हे.”

“तुम्ही बसवा. मी जरा जाऊन येते.”

त्या तडक फोटोवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, टेपा ठेवून जा, मी बाहेर पाठवून करून घेतो. बाईंनी टेपांची पिशवी पुन्हा काखोटीला मारली. “बाहेर म्हणजे कुठे? मुलं दुसऱ्याच्या हवाली करून मी तलावावरून कधी हललेले नाही.”

तिथून त्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात शिरल्या. कपाटात तो डबा दिसला. हातात मावणारा, वर चिमुकला पडदा आणि एक लाल बटण.

“हे दाबलं की काय होतं?”

“रेकॉर्डिंग सुरू, मॅडम. आत कार्ड असतं, त्यावर उतरतं. मग कार्ड संगणकात घाला.”

“आणि परत दाबलं की?”

“बंद.”

“द्या.”

घरी यजमानांनी डबा चारी बाजूंनी न्याहाळला, माहितीपत्रक वाचलं, आणि आणखी काही विचारणार तेवढ्यात बाईंनी बटण दाबलं. चित्र आलं, रंग आले, आणि ती मुलगी पडली तेव्हाच धप्प झालं.

एकच गोष्ट बाईंनी विचारात घेतली नव्हती. टेप तिच्याच चालीने चालणार. पळवता येत नाही, आणि संपल्यावर बंद करायला माणूस जवळ हवा. म्हणून मग रोज दुपारी दोघं चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर बसू लागली. लग्नानंतर इतका वेळ ती दोघं एका जागी बसलीच नव्हती. त्या तलावावर, ते दुकानात. बक्षीस समारंभालाही ते कधी आले नाहीत. नवऱ्याला आपल्या कामाचं काही पडलेलं नाही, अशी खूणगाठ बाईंनी मनाशी केव्हाच बांधली होती. भांडल्या मात्र कधी नाहीत.

बेडूकताईची टेप लागली. उडी झाली, बाईंचं ओरडणं झालं. मग चित्र हेलकावे खात बाकावर स्थिरावलं. कॅमेरा चालूच राहिला होता. बाकाचा पाय, ओली फरशी आणि मागे उथळ पाण्याचा कोपरा.

“बंद करू या का हे?” यजमान जरा घाईने म्हणाले.

“राहू द्या. तो बघा कोण फ्लोटला मिठी मारून बसलाय! पाय बघा, पाय! हे कोण ध्यान?”

यजमानांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

बाईंनी टीव्हीकडे पाहिलं. मग बिनचष्म्याच्या नवऱ्याकडे. मग पुन्हा टीव्हीकडे.

“अहो!”

“दुकानाला सुट्टी असायची ना, त्या दिवशी,” ते म्हणाले. “तू मोठ्या मुलांना खोल पाण्यात शिकवायचीस. मी इकडे दुसऱ्या मास्तरांकडे नाव घातलं होतं. मनात होतं, एक दिवस सरळ खोल पाण्यात पोहत यायचं तुझ्यासमोर.”

“मग?”

“थांब. आहे बहुतेक यातच.”

टेपमध्ये कुठूनतरी बाईंचा खणखणीत आवाज आला, “ओ काका! टोपी कानांवर घ्या! आणि पोट आत! सर्कस आहे का ही?” फ्लोटवाल्या माणसाने टोपी ओढली, अंदाजानेच आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि हळूहळू शिडी चढून चित्राबाहेर निघून गेला.

बाईंना आधी हसू फुटलं. ते अर्ध्यातच विरलं.

“मी ओळखलं नाही तुम्हाला?”

“टोपी होती. आणि मला तरी कुठे तू दिसत होतीस? चष्म्याशिवाय नुसता निळा डाग. आवाज तेवढा ओळखीचा.”

“आणि म्हणून सोडलंत?”

“लाज वाटली गं. दुसरं काय.”

बाईंनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. सगळी वर्षं त्या ज्याच्यावर मनातल्या मनात रुसून होत्या, तो माणूस त्यांच्या हाकेच्या अंतरावर, फ्लोट धरून, पाय झाडत होता.

“पोहायच्या चष्म्याला नंबरच्या काचा बसतात का हो?” त्यांनी विचारलं.

“आता सहज बसतात. तेव्हा मिळत नव्हत्या.”

“स्वतःच्या नंबराच्या बसवून घ्या. सोमवारपासून सकाळी माझ्याबरोबर यायचं. विचारत नाहीये, सांगतेय.”

मेळाव्यात बेडूकताईची उडी मोठ्या पडद्यावर दाखवली. पुढचा तुकडा ठेवायचा का कापायचा, हे बाईंनी नवऱ्यावर सोडलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी लगेच सांगितलं, “राहू दे.” ‘पोट आत’ ऐकून सगळं सभागृह हसलं. आपणही असंच ऐकून घेतलेलं प्रत्येकाला आठवत होतं. तो काका कोण, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. खुद्द काका शेवटच्या रांगेत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

टेपा अजून उतरवणं चालू आहे, दुपारी. सकाळी तलाव. परवा त्यांनी फ्लोट न घेता एका काठापासून समोरच्या काठापर्यंत मजल मारली, अर्थात उथळ बाजूला. कठडा धरून धापा टाकत त्यांनी वर पाहिलं.

“कसं झालं?”

बाईंच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. “पाय अजून वाईट आहेत,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि वाकून टॉवेल पुढे केला.