सुभेदारांचा तोटा

"इकणार न्हाई!" सुभेदार जगदाळे असे गरजले, की माझ्या ऑफिसाखालच्या टांग्याचा घोडा मालकाला न विचारता पोवई नाक्यापर्यंत गेला. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगतो.

सत्तरच्या दशकातला मार्च महिना. मी साताऱ्यात इन्कमटॅक्सची कामं करायचो. साताऱ्यात घर बांधायचं म्हणून सुभेदारांनी एका चांगल्या कंपनीचे शेअर विकले होते. त्यात भरपूर नफा झाला. या नफ्याला कॅपिटल गेन म्हणतात, आणि त्यावर टॅक्स लागतो. त्यांच्याकडे एका सूतगिरणीचेही शेअर होते, भाव पार तळाला गेलेले. ते मार्चअखेर विकले, तर तो तोटा नफ्यातून वजा होणार होता. नुसता भाव पडला म्हणजे तोटा झाला, असं इन्कमटॅक्स खातं मानत नाही. विकावं लागतं.

"टॅक्स वाचला तर माडी चढेल घरावर. अडचण काय?" मी विचारलं.



"आवं वकीलसाहेब, आमच्या गावच्या पेन्शनर जवानांनी माझ्या शब्दावर ह्ये शेअर घेतल्यात. मीच पयला पळू व्हय?"

"पळणं कसलं? सही करायची फक्त."

"माघार घेताना जवान आधी, सुभेदार शेवटी. फौजेत असंच हाय."

रविवारी मला घेऊन ते वडूजकडच्या त्यांच्या गावी गेले. देवळापुढं सगळे जमले. सुभेदार उभे राहिले. "गड्यांनो, गिरणी बुडतीया. मी चुकीचं सांगितलं. हाय ते पदरात पाडून घ्या."

एक म्हातारा हवालदार उठला.

"आन् तुमचं, सुभेदार?"

"तुमी समदं निघाल्यावर."

मी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पण पुण्याचा दलाल एका दिवसात थोडेच शेअर खपवायचा. बुडत्या गिरणीला गिऱ्हाईक कुठून मिळणार? दिवस सरत चालले. मी हळूच म्हणालो, "तुमचे मध्येच सरकवतो. कुणाला कळतंय?"

"रांग मोडू नका, वकीलसाहेब." एवढ्या हळू आवाजात ते पहिल्यांदाच बोलले. मी त्यांचा कागद पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला.

मार्चच्या शेवटच्या सौद्याला हवालदाराचे शेअर गेले. सुभेदारांचे एप्रिलमध्ये, जवळजवळ रद्दीच्या भावानं. आर्थिक वर्ष उलटलं होतं. नफ्यावर पूर्ण टॅक्स बसला.

"म्हंजे माझा तोटा धरलाच न्हाई?" चलनावर सही करताना त्यांनी विचारलं.

"धरला की. पण पुढच्या वर्षात."

"पुढच्या वर्षी नफा कुठनं आणू?"

नफा पुन्हा कधी झालाच नाही. तोटा पुढच्या वर्षांत ओढायची मुदत संपली आणि तो कागदावरच विरून गेला. घरावर माडी चढली नाही.

तोटा पुढं ओढता येतो, मागं नेता येत नाही, हे मी नव्या अशिलाला आधीच सांगतो. शेवटी निघणाऱ्याला सूट देणारं कलम मात्र मला आजवर सापडलेलं नाही.