चौघांचा वाटा, एकट्याचा कर

मोठ्या मामांना एखादी गोष्ट कळली नाही की ते डोक्यावरची टोपी काढून तिच्या आत बघायचे. उत्तर तिथेच कुठेतरी अडकलंय अशा थाटात बराच वेळ बघायचे, मग टोपी झटकून पुन्हा घालायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, उद्या कळंल." आम्ही भाचरं पोट धरून हसायचो. पण ज्या वर्षी त्यांची कंपनी विकली गेली त्या वर्षी टोपी डोक्यावर कमी आणि हातातच जास्त दिसायला लागली.

मामा शिनोलीचे. नोकरी चाकणच्या एका खाजगी कंपनीत, ग्राइंडिंग मशीनवर. आठवडाभर तिथल्या खोलीवर राहायचे आणि सुट्टीला गावी यायचे. नव्वदच्या दशकात कधीतरी मालकाने जुन्या कामगारांच्या पगारातून थोडे थोडे पैसे कापून त्यांना कंपनीचे शेअर दिले. आता आमच्या भागात शेअर म्हणजे साखर कारखान्याचा. तो कुणी विकत नाही, बापाकडून पोराकडे जातो, आणि दिवाळीला त्यावर स्वस्तात साखर मिळते. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर मामा कापडी पिशवी घेऊन मालकाच्या केबिनमध्ये हजर! "सायेब, शेअरवर काय मिळायचं?" कंपनी ब्रेकचे सुटे भाग करायची. मालक हसला, पण माणूस भला, त्याने मिठाईचा पुडा दिला. मामांची खात्री पटली की शेअर खरा आहे.

पुढे, दोन हजार साल उलटून गेल्यावर, बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने मामांची कंपनी विकत घेतली. मालकाने सगळ्यांना बोलावून सांगितलं, तुमचेही शेअर ते घेणार, सह्या करा. मामांनी सही केली, पैसे बँकेत आले, आणि मामा आमच्या घोडेगावच्या घरी येऊन बसले. "मी शेअर इकायला काढलाच नव्हता, मंग इकला कुनी? गेट तेच, मशीन तीच, च्या देनारा पोऱ्या तोच. नुसता बोर्ड बदलला. इकलं काय, सांग की." मी तेव्हा बी.कॉम. होऊन नारायणगावला एका सीएकडे नोकरीला लागले होते. मी जे सांगितलं ते ऐकून मामांनी टोपी काढली.

त्यांच्या मनात एकच गोष्ट स्वच्छ होती. त्यांनी पैशांचे चार सारखे वाटे केले: ते स्वतः, दोन धाकटे भाऊ आणि बहीण, म्हणजे माझी आई. "मी चाकनला मशीनवर व्हतो तवा माझी भाताची खाचरं कुनी लावली? ह्यांनीच ना? मंग एकट्याचं कसं?" मधले मामा दबकत म्हणाले, की हिराने तर हक्कसोड करून दिलीय. आमच्याकडे बहिणी लग्नानंतर माहेरच्या जमिनीवरचा हक्क अशी सही करून सोडतात, आईनेही सोडला होता. मामा भडकले. "जमिनीची केली सही. कंपनीची कुठं केलीय?" आईच्या हातावर तिचा वाटा ठेवून ते निघूनही गेले. मला माझ्या मामांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, की शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर आहे. सीएसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, शेअर एकट्याच्या नावावर, तेव्हा कर एकट्याला. नंतर पैसे कुणाला वाटले हे सरकार बघत नाही.

मामांना हे सांगणं म्हणजे कर्मकठीण. "पैसे चौघांना आन् कर एकट्याला?"

"नाव तुमचं एकट्याचं आहे ना, मामा."

"सातबाऱ्यावर बी माझं एकट्याचंच हाय. म्हून काय जमीन माझी एकट्याची झाली?"

मी आपली माहिती पुढे दामटली, की पैसे घरात घातले असते तर कर वाचला असता. मामांचा चेहरा उजळला. "घातलेत की! धाकट्यानं सलॅब टाकला त्यातनंच." मी म्हटलं, ते त्यांचं घर, तुमचं नाही. "भावाचं घर माझं न्हाई?" पुन्हा टोपी. खरं सांगते, त्या दिवशी मलाही टोपी असती तर बरं झालं असतं.

मामांचा स्वतःचा वाटा कर्ज फेडण्यात आणि पोरीच्या लग्नात केव्हाच संपला होता. भावांकडे परत मागायला ते तयार नव्हते. "दिल्याला वाटा माघारी मागितला तर घर फुटंल." मग उरला एकच रस्ता, आपल्या हिश्शाची जमीन वेगळी मोजून विकायची. पण त्यानेही घर फुटणारच होतं. मामा उद्या कळंल, हेसुद्धा म्हणेनासे झाले.

भाऊबीजेला ते आमच्याकडे आले. आईने पाटावर बसवून ओवाळलं. ओवाळणी टाकायला हात पुढे केला तर तबकात निरांजनाशेजारी घडी घातलेला कागद. त्यांनी तो माझ्याकडे दिला. मला वाचायची गरज नव्हती. आईबरोबर बँकेत जाऊन मीच तो भरला होता. मामांच्या नावाने कर भरल्याचं चलन होतं, बँकेच्या शिक्क्यासकट. आईने तिच्या वाट्याला हातच लावला नव्हता. कर त्यात बसून वर थोडे उरलेही होते. मी मामांना तसं सांगितलं.

"हिरे, हे चालायचं न्हाई. माघारी घे ते."

"सरकारात भरलंय दादा. माघारी कुठनं घेऊ?"

"आन् तुझा वाटा?"

आई तबक खाली ठेवत म्हणाली, "हक्कसोड केली आसं समज. जमिनीची केली तवा तू कुठं इच्यारलं व्हतं?"

मामांनी टोपी काढली. आत बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी टोपीत पडत होतं आणि आम्ही कुणीच हसलो नाही.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. लोकांचे कर भरून देणं हाच माझा धंदा आहे. कुणी समोर बसलं की मी पहिला प्रश्न विचारते, "नाव कुणाचं?" विचारताना दर वेळी मामा आठवतात आणि क्षणभर माझाच गोंधळ उडतो. शिनोलीचा सातबारा अजून एकच आहे. गेल्या वर्षी धाकट्या मामांनी त्यावर आईचं नाव चढवून घेतलं.