अण्णांच्या चपला

विमानतळाकडे जाणाऱ्या नव्या मेट्रोच्या स्टेशनात शिरताना अण्णांनी, माझ्या वडिलांनी, चपला काढून हातात घेतल्या. फरशीच तशी लखलखीत होती.

"अण्णा, घाला चपला. हे आपल्याच पैशानं बांधलंय."

दाराशी पाटी होती. घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून जरा मोठ्यानंच वाचून दाखवली: बांधकाम सरकारी खर्चातून, चालवणार खासगी कंपनी.

अण्णा म्हणाले, "म्हंजी घर आपण बांधलं आन् किल्ली दुसऱ्याकडं. मग चपला घालू का, हे इचारायचं कुणाला?"

मी पाटी पुन्हा एकदा वाचली; ते त्यात लिहिलेलं नव्हतं. अण्णांचा तो प्रश्न अजूनही चैन पडू देत नाही. अण्णांनी खांदे उडवून चपला घातल्या नि फटफट वाजवत पुढं निघाले. त्या सबंध फलाटावर दबकत चालत होतो तो मीच.