तीनचाकीवर झुकायचं नाही

आमचे हे पोस्टमन होते. मुलुंडमध्ये अख्खी नोकरी सायकलवर झाली, आणि रिटायर झाल्यावरही सायकल काही सुटली नाही. सकाळचा चहा झाला की निघाले मैदानाजवळच्या कट्ट्यावर. एक पाय पायडलवर, दोन पावलं ढकलायची, नि दुसरी टांग मागून टाकायची. ह्या वयात कशाला ती ऐट, असं मी म्हणायचे. पण खरं सांगते, रोज खिडकीतून बघायचेच.

मग तोल जायला लागला. दोनदा पडले. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद. कट्टा चालत जाण्याइतका जवळ नाही. मी म्हटलं, रिक्षानं जा ना. तर म्हणे, "कट्ट्यावर रिक्षानं? मी काय दवाखान्यात चाललोय?" बसले घरात. हळूहळू दाढी करायचीही सोडली. ते मला बघवेना.

मोबाईलवर मी मोठ्या माणसांची तीन चाकांची सायकल बघितली होती. मागे दोन चाकं, मध्ये टोपली, पडायचा प्रश्नच नाही. यांना सांगितलं तर आधी हसले, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "आपल्या गेटमधून जाईल का गं ती?" मी परकराची नाडी घेऊन खाली गेले, छोट्या गेटची रुंदी मापली, गाठ मारली, आणि ती नाडी पर्समध्ये टाकून दोघं घाटकोपरला दुकानात गेलो. त्या दिवशी यांनी दाढी केली होती.

दुकानदार चांगला होता. गिअरवाली दाखवली, बिनगिअरची दाखवली. नाडी लावून बघितली, बिनगिअरची बसत होती. म्हणाला, "काका, मागच्या गल्लीत चालवून बघा. गाडी येत नाही तिथे."

यांनी सवयीनं मागून टांग टाकली, ती टोपलीला अडकली. "पुढून, काका, पुढून." बसले एकदाचे. सरळ छान गेले. गल्लीच्या टोकाला वळायचं, तर हे आपले सगळं अंग घेऊन उजवीकडे झुकले, आणि सायकल गेली सरळ, पाण्याच्या पिंपावर. दुकानदार धावला. "काका, झुकायचं नाही हो! हिला झुकलेलं कळत नाही. नुसतं हँडल वळवायचं."

"कळलं, कळलं."

परत गेले, परत झुकले. पाच वेळा तेच. शेवटी घामाघूम झाले. दुकानदार समजूत घालायला म्हणाला, "ज्यांची जिंदगी सायकलवर गेली ना, त्यांना ही जड जाते. ज्याला काहीच येत नाही तो दोन मिनिटांत शिकतो."

हे उतरले. मला म्हणाले, "तू बस बघू."

"मी? मला कुठे येते? मी जन्मभर तुमच्या कॅरिअरवर!"

"अगं बस तर."

पदर खोचला, बसले. पायडल मारलं. टोकाला हँडल वळवलं, वळली की हो! परत आले, पुन्हा एक चक्कर मारली, घंटीसुद्धा वाजवली. साठी उलटलेली बाई मी, चड्डीतल्या पोरासारखी हसत होते. आणि समोर बघितलं तर हे टाळ्या वाजवत होते. तोंडावर हसू होतं, पण डोळे माझ्याकडे नव्हते, त्या पिंपाकडे होते.

मला आपटता आलं असतं हो त्या पिंपावर. मुद्दाम. एवढंही सुचलं नाही.

दुकानदाराला म्हणाले, "हीच द्या. सीट हिच्या मापानं लावा."

घरी आल्यावर मी म्हटलं, पहाटे खाली कोणी नसतं, आपण हळूहळू शिकू. तर म्हणाले, "नको. अंगाला अजून दोन चाकंच वाटतात. वाटू दे." पुन्हा तो विषय मी काढला नाही.

आता तीनचाकीवरून भाजी आणायला मी जाते. हवा भरणं, पुसणं, तेल घालणं सगळं हे करतात, बसत मात्र नाहीत. परवा कट्ट्यावरून जात होते तर यांच्या तिथल्या मित्रांपैकी एक ओरडले, "वहिनी, झकास! आमचा पोस्टमन कुठे गायब?" मी म्हटलं, गुडघा धरलाय, येतील.

घरी सांगितलं तर यांच्या हातातली मेथी तशीच राहिली. "कोण कोण होतं?"

मी एकेक जण सांगितला. कोणाच्या डोक्यावर टोपी होती, कोण खोकत होतं, यांच्या नेहमीच्या जागेवर कोण बसलं होतं म्हणून यांनी विचारलं, तर ती जागा रिकामी होती, तेही सांगितलं. मेथीची पानं खुडत राहिले.

मग म्हणाले, "उद्या पण तिकडूनच जा."