पुढच्या दारानं

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, बीड रस्त्यावरच्या एका नव्या रेस्टॉरंट-बारमध्ये दोघांच्या टेबलासाठी मी पाचशे रुपये आगाऊ भरले. हजर आम्ही तिघे : काउंटरवरचा मॅनेजर, मी, आणि पायऱ्यांखाली व्हीलचेअरवर बसलेला माणिक. ते टेबल आम्हाला मिळालं नाही. वैशाख संपता संपता एका सकाळीच माणिकच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला, ‘भाऊजी, हे उठंनात...’

माणिक आणि मी एकाच सहकारी साखर कारखान्यात होतो. मी हिशेब खात्यात, तो वजनकाट्यावर. पोलिओनं लहानपणीच पाय गेलेले, पण आवाज असा की ट्रॅक्टरवाले इंजिन बंद करून ऐकत. एका वर्षी गाळप संपल्यावर ऑफिसच्या लोकांनी गावातल्या बारमध्ये जेवण ठेवलं. हॉल वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. माणिकला खाली पानटपरीजवळ पार्सल पाठवलं. मी खाली जाऊन त्याच्याजवळ बसलो. तो वरच्या निळ्या दिव्यांकडे बघत होता. म्हणाला, ‘मटण चांगलं हाय. पण मटण घरी बी मिळतंय, हिशेबनीस. मला ते ग्लासात फुलावानी खोचलेलं रुमाल बघायचंय. एसीत बसायचं, मेनू वाचायचा, वेटरला ताटकळत ठेवायचं अन् सगळ्यांत शेवटी उठायचं.’

पुढं पाऊस गेला, ऊस गेला, कारखान्याचं धुराडं थंड झालं. माणिककडे वेळच वेळ होता. रस्त्यावर नवीन हॉटेल उघडलं की तो फोन लावायचा, ‘पायऱ्या किती हायेत?’ पलीकडून उत्तर यायचं, ‘साहेब, फुल एसी आहे, फॅमिली सेक्शन आहे, कारंजं आहे.’ एकदा तो म्हणाला, ‘आमच्याकडं प्यायला टँकर, अन् तुमच्याकडं कारंजं?’ ‘लायटिंगचं आहे साहेब.’ फोन ठेवून तो पोट धरून हसला होता.

आमच्याकडच्या हॉटेलांचं जोतं उंच असतं. दाखवण्यासाठी नव्हे. टँकरचं पाणी साठवायला पुढच्या ओट्याखालीच हौद बांधतात. जितका दुष्काळ मोठा तितका हौद मोठा, आणि तितक्याच पायऱ्या जास्त. एका ठिकाणी मॅनेजर फार अदबीनं म्हणाला, ‘मागून सपाट आहे, साहेबांना मागून घ्या.’ मागं किचनच्या दाराशी रिकाम्या बाटल्यांचे क्रेट सरकवण्यासाठी उतार होता. माणिक म्हणाला, ‘का रं? मी काय रिकामा क्रेट हाय?’ आम्ही परत फिरलो.

पाडव्यानंतर आम्ही जिथं पैसे भरले, तिथं तीनच पायऱ्या होत्या आणि दार रुंद होतं. मी टेपनं उंची घेतली. आमच्या गावच्या वेल्डरनं त्या मापानं जाड चौकडीच्या पत्र्याचा उतार बनवला, दोन्ही कडांना पट्टी लावून. मजुरी विचारली तर म्हणाला, ‘माणिकभाऊ वर चढले की द्या.’ पंधरा-वीस दिवसांनी रिक्षाच्या टपावर पत्रा बांधून निघालो. माणिकनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, सेंट मारला होता. वहिनी म्हणाल्या, ‘नवरदेव निघाला बगा.’

हॉटेलसमोर रिक्षा थांबली आणि मी पायऱ्यांकडे बघत राहिलो. पाणीटंचाई वाढली म्हणून मालकानं हौद वाढवला होता. ओटा उचलला होता, पायऱ्या दुप्पट झाल्या होत्या. पत्रा लावला तर तो भिंतीला शिडी टेकवावी तसा उभा राहिला. मॅनेजर भला माणूस. त्यानं लगेच चार वेटर बोलावले, ‘साहेब, खुर्चीसकट उचलतो, फुलासारखं.’ वेटरनी बाह्या मागं सारल्या. आतून गार हवेचा झोत आला. काचेतून आमचं टेबल दिसत होतं, ग्लासात रुमाल खोचलेले.

माणिकनं चाकांवर हात घट्ट ठेवले. ‘चौघांनी उचलायचं ते एकदाच,’ तो म्हणाला. ‘आज न्हाई.’

मी म्हणालो, ‘अरे, दोन मिनिटांचं काम आहे.’

‘तुला दोन मिनिटं. मला सगळं जेवण संपेस्तोवर.’

परतीच्या वाटेत आम्ही उसाचा रस प्यालो, रस्त्याच्या कडेला, सपाटीवर. त्यानंतर त्यानं कुठल्याही हॉटेलला फोन लावला नाही. मी एकदा नवीन नाव सांगितलं तर म्हणाला, ‘तू जाऊन ये, लई चांगलं असंल.’ ...वहिनींचा फोन आला त्या सकाळी अंगणातून चौघांनी त्याला उचललं. एका बाजूला मी होतो.

तेराव्यानंतर मी त्या हॉटेलात गेलो. मॅनेजरनं काही न विचारता पाचशे रुपये परत दिले. पत्रा वहिनींच्या अंगणात भिंतीला टेकून उभा आहे. त्यावर त्या कुरडया वाळवतात, म्हणतात, ऊन चांगलं लागतं. मी अजून कुठल्याही हॉटेलसमोर थांबलो की आधी जोतं बघतो, मग पाटी.

ते पाचशे घेऊन मी वेल्डरकडे गेलो. तो म्हणाला, ‘भाऊ चढलेच न्हाईत, पैसे कशाचे?’ मी म्हणालो, ‘माप बरोबर होतं. जोतं वाढलं.’ पाचशे रुपये त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते घेतले.