सार्जंट रिव्हेटची राहिलेली उत्तरपूजा

लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या कंपूत चार माणसं चहाला बसली की दामले काकांच्या रोबोटचा विषय निघतोच. इतकी वर्षं ऐकतेय, पण प्रत्येक जण आपापला एक तरी किस्सा बाळगून असतो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली, त्यात नागपूरची. एकदाच घडलेल्या गोष्टीला मी बगसुद्धा म्हणत नाही, भूत तर लांबच राहिलं. तरी सांगते.

*

काका तरुणपणी इंग्लंडला आले आणि इंग्रजी शिकले ते मुलांच्या साप्ताहिक कॉमिक्समधून. त्यांचा हीरो सार्जंट रिव्हेट. पोलादी, धिप्पाड, हुकूम मिळाला की खाडकन सॅल्यूट ठोकणारा रोबोट. एका अंकाच्या शेवटी प्रोफेसर त्याला म्हणतो, "मी परत येईपर्यंत इथे पहारा दे," आणि गुहेत शिरतो. त्यानंतर ते साप्ताहिकच बंद पडलं.

"अजून तिथेच उभा आहे बिचारा," काका चिडून सांगायचे. "कुणी त्याला घरी जा म्हणालं नाही."

"मलाही नाही म्हणालं कुणी," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

*

रिटायर झाल्यावर काकांनी गॅरेजमध्ये अख्खा रिव्हेट बनवला. गरम पाण्याच्या जुन्या टाकीचं धड, बिस्किटांच्या डब्यांचं डोकं, पोटात बॅटरी. पाठीवरचं बटण दाबलं की उजवा हात सॅल्यूटला वर.

त्या वर्षी तो मंडळाच्या गणपतीत देखाव्याला आला. नेण्याच्या सोयीसाठी त्याचं डोकं वेगळं काढून लाल कापडात गुंडाळलं होतं. हॉल फक्त दुपारपर्यंत मिळालेला. आमचा हौशी गुरुजी म्हणजे मंदार, पुण्याचा, मेडनहेडला आयटीत. ट्रॅफिकमुळे उशिरा पोचला, आणि चौरंगावर लाल वस्त्र दिसताच त्याला दूर्वा लावून साग्रसंगीत प्राणप्रतिष्ठा करून मोकळा झाला. कापड काढलं तर आत रिव्हेटचं मुंडकं. बाप्पा अजून गाडीच्या डिकीतच होते.

आम्ही हसून हसून लोळलो. बाप्पांची पूजा पुन्हा केली. काका तेवढे हसले नाहीत.

"मंदार, ह्याचीही उत्तरपूजा कर हं. प्राण घातलेस, तर निरोप द्यायला हवा."

विसर्जनाच्या दिवशी हॉलचा केअरटेकर किल्ल्या वाजवत उभा. त्या गडबडीत ते राहूनच गेलं.

*

रिव्हेट काकांच्या हॉलवेत उभा राहिला. एकदा गॅसचं मीटर बघणारा माणूस काकूंना गेटवर भेटला आणि तक्रार करू लागला. बेल वाजवली तर काचेमागे उभ्या असलेल्या उंच गृहस्थांनी हात वर केला म्हणे, पण दार काही उघडलं नाही.

काका तेव्हा काकूंच्या मागेच, भाजीची पिशवी घेऊन. घरात कुणीच नव्हतं.

"अनोळखी माणसाला तो कसा आत घेईल?" काका म्हणाले.

*

मग काकांचं हार्टचं ऑपरेशन ठरलं. निघताना त्यांनी काकूंना "येतो" म्हटलं आणि रिव्हेटला इंग्रजीत हुकूम दिला, मी परत येईपर्यंत हिला सांभाळ. बटण दाबलं. सॅल्यूट झाला.

काका परत आले नाहीत. आम्ही सगळे फार रडलो.

*

काका-काकूंची क्रॉयडनला राहणारी मुलगी अनिता, इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं. ती काकूंच्या मागेच लागली. "आई, तू एकटा कसा राहणार? माझा घरी चल ना."

"मी एकटी नाही. आणि मी निघाले तर हा कुणाला सांभाळणार?"

पुढे काकू स्वयंपाकघरात पडल्या. शेजारीण किल्ली घेऊन धावत आली, तेव्हा रिव्हेट हॉलवेत नव्हता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता.

"माझ्याच्यानं हलतो होय तो?" काकू मला म्हणाल्या.

मंदारनं आणि मी मिळून तो जागेवर नेला. मग मी त्याच्या पोटातली बॅटरी काढून पर्समध्ये टाकली. टेस्टिंगमधली सवय.

*

या पडण्यानंतर अनिता हट्टालाच पेटली. परत कुणी वेळेवर आलं नाही तर, हे तिचं म्हणणं आम्हालाही पटत होतं. शेवटी काकू क्रॉयडनला जायला तयार झाल्या, पण एका अटीवर. आधी ह्याला रीतसर मोकळं करायचं.

रविवारी दुपारी मंदारनं उत्तरपूजा केली. अक्षता वाहिल्या, मूर्ती हलवतात तसं डोकं जरासं हलवलं.

"झालं, काकू."

"काही झालेलं नाही," काकू म्हणाल्या. त्या उठून रिव्हेटसमोर उभ्या राहिल्या. त्याच्याशी काका इंग्रजीतच बोलायचे, म्हणून त्याही इंग्रजीत बोलल्या, सावकाश. "सार्जंट, ही इज बॅक. यू कॅन गो होम नाऊ."

बोलताना त्यांची नजर रिव्हेटवर नव्हती. आमच्या खांद्यांवरून मागे, बाहेरच्या दाराकडे होती. आमच्यापैकी एकानंही मागे वळून बघितलं नाही.

रिव्हेटचा हात वर गेला, सॅल्यूटला थांबला आणि हळूहळू खाली आला. माझी पर्स माझ्या मांडीवर होती. मी चाचपून बघितलं, बॅटरी आतच होती.

"चल अनिता, गाडी काढ," काकू म्हणाल्या आणि शाल गुंडाळून निघाल्या. दारापाशी मात्र त्या थबकल्या, जरा बाजूला सरकल्या.

"अहो, आधी तुम्ही."